चढल्याचा दाखला

जगातल्या सगळ्यात उंच डोंगरावर जायचा परवाना मागायचा असेल, तर आधी सात हजार मीटरच्या वरचं एखादं शिखर चढल्याचा दाखला लागतो, हे मला कळलं तेव्हा मी चुलीवरचा भात उतरवत होते. लेक दारात उभी राहून सांगत होती आणि मी म्हणत होते, "आधी बाजूले हो, हात भाजन माया." मोठ्या गोष्टी आमच्या घरात अशाच येतात. त्यांच्यासाठी कोणी पाट-रांगोळी करत नाही.

भात खाली ठेवून मी विचारलं, "म्हणजे उंच पहाडावर जायाले आधी दुसऱ्या उंच पहाडावर जा लागते?"

"हाव."

"अन् त्या दुसऱ्यावर जायाले?"

"त्याच्या आधी सहा हजाराचं. ते झालं माह्यं. त्याच्या आधी दोन कोर्स. ते बी झाले."

"म्हणजे पहिल्याच दिवशी कोनाले वर जाऊ देत नाई."

"तेच तं नियम हाये, माय."

मला तो नियम तेव्हा फार शहाणपणाचा वाटला. अजूनही वाटतो, आणि माझी खरी अडचण तिथेच आहे. वाईट नियमाला शिव्या तरी घालता येतात.

आमचं गाव धानोऱ्याच्या पुढे, रस्ता जंगलात शिरतो त्या अंगाला आहे. गावामागे एक टेकडी आहे, तिला आम्ही पहाडी म्हणतो. हिमालय पाहिलेला माणूस तिला उंचवटासुद्धा म्हणणार नाही. नवरा धानाची शेती करतो, मी अंगणवाडीत सेविका आहे. पण मोहफुलं गळायला लागली किंवा तेंदूची पानं तोडायचे दिवस आले, की आमच्याकडे सेविका, सरपंचीण असलं काही उरत नाही, सगळ्या बाया जंगलात असतात. लेक गडचिरोलीला कॉलेजात गेली, कॉलेजच्या कॅम्पला गेली, तिथे दोरीवर चढली आणि मनानं खाली उतरलीच नाही. आमच्या घरात नागपूरच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. ही थेट बर्फात गेली. पहिल्या खेपेला मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. नंतर बोलायला लागले ती ओरडायलाच. माझा राग नाकावर असतो, हे गावात शेंबडं पोरही सांगेल.

मग मात्र माझंच मन फिरलं. ती सहा हजाराचं शिखर करून आली, तोंड करपलेलं, ओठ फुटलेले, आणि जेवताना मध्येच हसत होती. लहानपणी चारोळीच्या झाडावर चढून बसायची तेव्हा असंच हसायची. मी मनात म्हटलं, जाऊ दे बाई हिला. हिचं सगळं सुख वरच ठेवलेलं आहे तर आपण खालून ओरडून काय करणार?

गडचिरोलीत एक सर आहेत, फौजेतून निवृत्त झालेले. जिल्ह्यातली पोरंपोरी निवडून त्यांनी त्या मोठ्या डोंगरासाठी टीम बांधायला घेतली होती. खर्च उचलायला कोणी कंपनी तयार झाली होती. ज्यांच्याकडे सात हजाराचा दाखला नाही, त्यांना आधी तशा एका शिखरावर न्यायचं. जे चढतील, त्यांचे अर्ज परवान्यासाठी जाणार. जे चढणार नाहीत, त्यांना दुसरी खेप नाही. पुढच्या वर्षी कंपनी नवी पोरं घेणार. आमच्या घरानं आपल्या जोरावर असलं काही करायचं म्हटलं, तर शेत विकूनही ते होण्यासारखं नव्हतं. म्हणजे लेकीला मिळणार होती ती हीच एक संधी. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

आता आमच्या जोडीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं.

जंगलात शिरायच्या वाटेवर, गावाच्या कडेला, एक जुनं येनाचं झाड आहे. पुस्तकात त्याला ऐन म्हणतात. पहाटे बाया त्या झाडाखाली जमतात आणि तिथे जोड्या लागतात. जोडी लागली की त्या दिवसापुरतं दोघींचं जंगल एक. एकीनं हाक मारली की दुसरीनं ओ द्यायची. एकीचं पोट दुखलं, पायात काटा मोडला, अगदी उगाच भीती वाटली, तरी दुसरीनं तिच्यासोबत निघायचं, मग टोपली भरलेली असो की रिकामी. त्यावरून तोंड वाकडं करायचं नाही. आणि परत येताना त्याच झाडाखाली थांबायचं. आत गेलेल्या सगळ्या बाहेर आल्याशिवाय झाड ओलांडून कोणी गावाकडे जायचं नाही.

नवी सून आली की पहिल्या मोसमात तिला नाल्याच्या अलीकडेच ठेवतो, जिथून गावातली कुत्री भुंकलेली ऐकू येतात तिथे. पुढच्या मोसमात नाल्याच्या पलीकडे. कोणती सून कुठपर्यंत जाईल ते ठरवायचं काम आता माझ्याकडे आलं आहे. माझं शहाणपण जास्त म्हणून नाही, आवाज मोठा म्हणून.

माझी मोठी जाऊ एका मोसमात जोडीपासून सुटली. तिच्या जोडीणीला वाटलं, ही पुढे गेली असेल. ती झाडाशी आली, तिथेही जाऊ दिसली नाही, तर तिला वाटलं घरीच गेली असेल, म्हणून तीही घरी गेली. वाघ कुठपासून मागे होता कोण जाणे. जाऊ परत आली नाही. ती जोडीण अजून गावात आहे. जंगलात पाय ठेवत नाही, आणि मी समोरून येताना दिसले की पदर सावरत बाजूच्या बोळात शिरते. तिला कोणी एका शब्दानं बोललं नाही. लेक तेव्हा लहान होती. मोठी माय कुठी गेली म्हणून विचारत राहायची. तेव्हापासून मी तिच्या कानीकपाळी ओरडत आले, "जोडी सोडायची नाई. काई झालं तरी नाई."

धानाची रोवणी आटोपली आणि लेक सात हजाराच्या शिखराकडे निघाली.

निघण्याआधी मी गडचिरोलीच्या बाजारात लोकरीची टोपी शोधत फिरले. टीमकडून सगळं मिळणार होतं, पण आईनं काहीच द्यायचं नाही म्हणजे कसं? रजई-गाद्यांचं काम करणाऱ्या चाचांचं तिथे जुनं दुकान आहे. आमच्या घरातली प्रत्येक रजई त्यांच्याच हातची. बाहेर झड लागलेली, आत चाचा घामानं निथळत बसलेले. टोपी मागितली तर माझ्याकडे बघतच राहिले.

"बाई, तबियत ठीक हाये ना? मी इथी पंखा फुल करून बसलो अन् तुमाले टोपी पायजे?"

लेक कुठे चालली ते सांगितल्यावर मात्र ते उठले. माळ्यावर चढले, थंडीतल्या उरलेल्या मालाचं पोतं खाली ओढलं आणि त्यातून एक लाल टोपी काढून झटकली. कानापर्यंत येणारी, वर गोंडा असलेली.

"पोरगी वर गेली का हे टोपी घालून फोटो काढाले सांगजो. दुकानात लावीन. लोकायले दाखवीन का आपल्या दुकानाची टोपी कुठी गेल्ती."

मग वाट बघणं आलं. तिकडे फोन लागत नाही, हे माहीत असूनही मी तो जवळ ठेवूनच झोपायचे. नवरा म्हणायचा, "अवो, तिथी टॉवर नाई, देव हाये." मी त्याच्यावर खेकसायचे. जीव टांगणीला लागला की समोर जो असेल त्याच्यावर मी खेकसते.

एका सकाळी अंगणवाडीत पोरांना उसळ वाढत होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला.

"माय."

आवाज घोगरा, पण तिचाच. मी पळी हातात धरूनच विचारलं, "पोचली का वर?"

बरी आहेस का, जेवलीस का, हातपाय धड आहेत का, यातलं काही नाही. पहिलं तेच तोंडातून निघालं. पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"नाई. उतरून आली."

"काऊन?"

"माह्यी जोडी बिमार पडली."

"अन् तिच्यासंगं दुसरं कोनीच नोतं?"

"होता. गाईड होता."

"मंग तू कायले उतरली?"

समोर पोरं ताटल्या वाजवत होती.

"तूच सांग," ती म्हणाली, आणि फोन तुटला.

ती घरी आली तेव्हा नाकावरची कातडी काळी पडून सोलली होती. आल्याबरोबर तिनं अंघोळ केली, भात खाल्ला आणि झोपली. मी काही विचारलं नाही, आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं बघून नवराही घाबरला. नंतर कधी धुणं वाळत घालताना, कधी तांदूळ निवडताना, तिनं थोडं थोडं करून सगळं सांगितलं.

तिची जोडी म्हणजे सिरोंच्याची पोरगी. बाप गोदावरीत मासे धरतो, घरात सगळे तेलुगू बोलतात. सरांनी तंबू वाटून देताना दोघींना एकत्र ठेवलं होतं. सरांच्या दृष्टीनं ती तंबूची वाटणी होती, आमच्या लेकीनं तिची जोडी करून टाकली. शेवटच्या तंबूतून उजाडायच्या आधीच सगळे वर निघाले. त्या पोरीचं आधी डोकं दुखायला लागलं, मग ओकाऱ्या झाल्या, मग पाय भलतीकडेच पडायला लागले. हा उंचीचा त्रास आहे हे गाईडनं लगेच ओळखलं आणि तिला खाली घेऊन निघाला. सर वायरलेसवर लेकीला म्हणाले, तू दुसऱ्या गाईडसोबत वर जा, ती सुखरूप उतरेल. शिखर समोर दिसत होतं.

"किती लांब होतं?" मी विचारलं.

"आपल्या पहाडीवरून गावातलं देऊळ दिसते ना, तेवढं."

त्या पोरीची मराठी गेली होती, हिंदीही गेली होती. ती नुसती तेलुगूत काहीतरी बोलत होती आणि लेकीची बाही घट्ट धरून होती. गाईडनं तिची बोटं सोडवली. ती उतरायला लागली. लेकीनं एकदा शिखराकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि तीही उतरायला लागली. बाकीचे वर पोचले. त्या सगळ्यांना दाखले मिळाले.

मी हातातलं सूप खाली ठेवलं. "तू उतरली नसती तं तिचं काई वाईट झालं असतं?"

तिनं बराच विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नाही.

"नाई. गाईड हुशार होता. मी नसती तरी काईच झालं नसतं."

हे उत्तर मला सगळ्यात जास्त लागलं. ती पोरगी मेली असती, हिनं वाचवली, असं काही असतं तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. चारचौघांत सांगता आलं असतं. इथे तेवढंही नव्हतं. तिची गरज नसताना ती उतरली होती, आणि का उतरली ते तिला विचारायची सोय मी माझ्याच तोंडानं घालवून बसले होते.

शेवटी मी एकटीच गडचिरोलीला गेले. लेकीला सांगितलं की अंगणवाडीच्या कामानं जाते. सरांची खोली एका दुकानाच्या वर आहे. भिंतीवर दोऱ्या टांगलेल्या, कोपऱ्यात बुटांचा ढीग. मला वाटलं होतं, अरेरावी करणारा माणूस असेल, आपण दोन शब्द सुनावू. पण सरांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, तुमची पोरगी माझ्या टीममधली सगळ्यात चांगली चढणारी होती." झालं, माझं अर्धं भांडण तिथेच संपलं.

तरी मी म्हटलं, "सर, सात हजाराच्या वर तं ते गेलीच होती ना? उंची तं झाली तिची."

"उंची नाही मोजत बाई. शिखर मोजतात. माथ्यावर पाय लागला तर दाखला."

"मंग तुमी लिहून द्या ना, का ते चढू शकत होती."

"मी लिहून देईन. पण परवाना देणारे माझं पत्र मागत नाहीत. ते विचारतात, चढली का? का उतरली, ते त्यांच्या अर्जात कुठे लिहायचं?"

माझा पारा चढला. मी म्हटलं, "माया पोरीले अनुभव नाई म्हणतात? वाघाच्या जंगलात जाते ते, समज आली तेव्हापासून."

सर हसले नाहीत, त्याचं मला आजही बरं वाटतं. ते हळू आवाजात म्हणाले, "पूर्वी हे असं नव्हतं. कोणीही यायचं. कधी बर्फ न पाहिलेले लोक थेट तिथे जायचे, वर अडकायचे, आणि त्यांना आणायला गेलेलेही कधी कधी परत यायचे नाहीत. म्हणून हा नियम. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

मला गेल्या मोसमातली आमच्या शेजारची नवी सून आठवली. तिला नाल्यापलीकडे जायचं होतं. म्हणत होती, माझ्या माहेरीसुद्धा जंगल आहे, मला सगळं कळतं. मी तिला सगळ्यांदेखत म्हटलं होतं, तुया माहेरचं जंगल इथी नाई चालत, कडेनंच राह्य. ती दिवसभर फुगून बसली होती आणि मला माझ्या शब्दाबद्दल जराही वाईट वाटलं नव्हतं. मी इथे नियम मोडून घ्यायला आले होते, आणि हा तर माझाच नियम होता, फक्त बर्फातला. मी पाणी पिऊन उठले. सर जिन्यापर्यंत आले. त्यांनाही हात टेकल्यासारखं झालं होतं, ते दिसत होतं.

खाली उतरून बसस्टँडकडे जायला चाचांच्या दुकानावरूनच वाट होती. मी पदर पुढे ओढून निघाले, तरी त्यांनी बघितलंच.

"बाई! फोटो कुठी हाये?"

"येईन, चाचा," मी म्हटलं, आणि न थांबता पुढे गेले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मी अगदी जावेच्या त्या जोडीणीसारखी पदर सावरून निघाले होते.

धान कापून झाल्यावर, थंडीच्या सुरुवातीला, सिरोंच्याची ती पोरगी आमच्या घरी आली. तिच्या आईनं सुकवलेले मासे पाठवले होते. बारीक, काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची. दारातच वाकून माझ्या पाया पडली आणि मला अम्मा म्हणाली. मी चहा ठेवला, पण कप असा आपटला की चहा बशीत सांडला. राग कसा लपवायचा असतो ते मला कधी जमलेलं नाही.

चहा पिताना एक नवीनच गोष्ट कळली. तिच्याकडे सात हजाराचा दाखला आधीपासूनच होता. आदल्या वर्षी ती दुसऱ्या एका टीमबरोबर दुसरं शिखर चढून आली होती. या खेपेला ती नुसती सरावाला गेली होती. म्हणजे त्या दिवशी ती चढली काय आणि उतरली काय, तिचं काही अडणार नव्हतं. परवान्याचा अर्ज तिचा गेला होता. लेकीचा गेला नव्हता.

मी चुलीतलं लाकूड उगाचच पुढे सारलं. माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. पाया पडलेल्या पोरीबद्दल असं मनात आणू नये.

तीच म्हणाली, "अम्मा, मैं नै जाती बोली सरकू. इसकू छोडके मैं कैसा जाऊं? तो ये मेरेपे कित्ता गुस्सा करी."

मी लेकीकडे पाहिलं. ती मासे डब्यात भरत होती. वर न बघताच ती म्हणाली, "गुस्सा नाई करू तं काय करू? तू नाई गेली तं मी उतरली कायले?"

नवरा बाहेर निघून गेला. त्याला घरातल्या घरात रडता येत नाही.

ती पोरगी निघताना लेकीनं आतून चाचांची लाल टोपी आणली आणि तिच्या डोक्यावर घातली, कानांवरून नीट ओढून, लहान पोराला घालतात तशी. मी बोलणार होते की ती मी तुझ्यासाठी आणली होती. पण त्या पोरीचे डोळे भरून आले होते, आणि टोपी लेकीची होती, ती तिनं कोणालाही द्यावी. मी सुपारी कातरत बसले.

नंतरचे महिने लेक घरीच होती. शेतात जायची, शिकवण्या घ्यायची, रात्री मोबाइलवर त्या डोंगराचं हवामान बघायची. पुढच्या वर्षासाठी कंपनीनं नवी पोरं घेतल्याचं सरांनी तिला फोन करून सांगितलं. ती "हो सर, हो सर" म्हणाली आणि फोन ठेवून गोठा झाडायला गेली. मी तिच्या मागे गोठ्यापर्यंत गेले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून "इथी अजून शेण राह्यलं" म्हटलं आणि परत आले. आईला सगळं करता येतं असं लोक म्हणतात. मला तर एक वाक्य करता आलं नाही.

मग तेंदूच्या पानांचे दिवस आले. आमच्याकडे ऊन नुसतं पोळत असतं तेव्हाच त्या डोंगरावर चढायचे दिवस असतात, हे मला त्या वर्षी कळलं. लेक माझ्यासोबत पानाला यायला लागली. आम्ही दोघींनी जोडी लावली. ती पानं भराभर तोडायची आणि मध्येच उभी राहून उत्तरेला बघायची. तिकडे झाडांशिवाय काही नव्हतं.

सिरोंच्याची पोरगी त्या डोंगरावरच्या शेवटच्या तंबूतून निघाली, एवढा निरोप आला होता. त्यानंतर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पानं तोडून येनाच्या झाडाशी आलो. आमच्या गावात फोनला धड रेंज येते ती त्या झाडाखालीच. बाया जोडीजोडीनं आल्या. मी नेहमीसारखं सगळ्यांकडे बघून घेतलं. सगळ्या आल्या होत्या. गाठोडी उचलून बाया झाड ओलांडून गावाकडे निघाल्या. लेक मात्र गाठोडं खाली ठेवून बुंध्याला टेकून बसली.

"चाल नं," मी म्हटलं. "ऊन चढलं. पानं कोमेजली तं पुडे कसे बांधाचे?"

"तू जाय, माय."

"अन् तू?"

"माह्यी एक येयाची हाये अजून."

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी ओरडायला तोंड उघडलं. अगं, ते जंगल वेगळं, हे वेगळं, तिच्यासोबत माणसं आहेत, तू इथे बसल्यानं तिकडे काय होणार आहे? सगळं ओठांवर आलं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी गाठोडं उतरवलं आणि तिच्या शेजारी बसले. त्या दिवशी तिची जोडी मी होते. जोडी सोडून जायचं नसतं.

ऊन चढत गेलं. झाडाची सावली आमच्या पायांवरून सरकली, आम्हीही तिच्यासोबत सरकलो. बाटलीतलं पाणी चहासारखं झालं. वाटेनं जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोनी राह्यलं का आत?" लेक म्हणाली, "हाव, भाऊ." तो घाबरून थांबला, तेव्हा मी त्याला हातानं जा म्हणून खुणावलं. लेक फोन हातात धरून बसली होती. पानांच्या कडा वळायला लागल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं होतं.

फोन वाजला तेव्हा दोघी दचकलो. लेकीनं कानाला लावला.

"उतरली?" तिनं विचारलं.

पलीकडून कोणी तरी बोललं, बहुतेक सर असावेत.

"चांगली हाये ना? हातपाय? ... बरं. ... जेवली का ते?"

तिनं फोन खाली ठेवला.

"तंबूत आली परत," ती म्हणाली. "चांगली हाये."

"अन् पोचली का वर?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. "ते नाई विचारलं मी."

ती उठली. मी तिचं गाठोडं तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला, मग तिनं माझं चढवलं. ती पुढे झाली आणि येनाचं झाड ओलांडलं. चार पावलं गेली असेल नसेल, तिचे खांदे हलायला लागले. वरून परत आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. आता मोठ्यानं रडत होती, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. दोन्ही हातांनी गाठोडं धरलेलं, त्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते. पुसायला माझेही हात मोकळे नव्हते. मी तिच्या मागे चालत राहिले.